पॅसेजमधली पायघडी

रात्री अडीचच्या सुमारास आई बाथरूमला निघाली. मध्ये नऊ फुटांचा पॅसेज, आणि त्यात मी प्रदर्शनातून हौसेनं आणलेला लोकरीचा जाड गालिचा. त्याचा एक कोपरा वर वळला होता, त्यात तिच्या पायाचा अंगठा अडकला. भिंत जवळ होती म्हणून ती पडली नाही, पण सावरताना मुरगळलेलं मनगट तीन आठवडे दुखत राहिलं. सकाळी मी तो गालिचा गुंडाळून दिवाणाखाली सारला आणि पॅसेजमध्ये घालायच्या वस्तूत नेमकं काय बघायचं असतं, याचा पहिल्यांदाच नीट विचार केला. नवीन घर लावणाऱ्यांना आणि घरात म्हातारी माणसं असणाऱ्यांना त्यातलं काही उपयोगी पडेल, म्हणून हे लिहिते आहे.

बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावर टीपॉयचं, सोफ्याच्या पुढच्या पायांचं वजन असतं. ते त्याला जागेवर धरून ठेवतं. पॅसेजमधल्या लांबट पट्टीवर, म्हणजे दुकानदार ज्याला ‘रनर’ म्हणतात तिच्यावर, काहीच नसतं. तिच्यावर कुणी बसत नाही, सगळे नुसते चालत जातात, तेही घाईत, हातात काहीतरी घेऊन, पुष्कळदा दिवा न लावता. पावलं नेमकी मधल्या रेषेवर पडतात, त्यामुळे पट्टी मध्ये झिजते आणि कडेला कोरीच राहते. शिवाय आपल्या घरात फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसली जाते. म्हणजे कुणीतरी रोज सकाळी ती पट्टी उचलणार, बाजूला ठेवणार आणि फरशी वाळल्यावर पुन्हा घालणार. परदेशी मासिकांतल्या सल्ल्यांमध्ये हे माणूस नसतंच. तिथे बुटांबरोबर आत येणाऱ्या मातीची चिंता असते. आपण चपला दाराशी काढतो. आपल्याकडे माती कमी येते, पाणी जास्त येतं: बाथरूममधून निघालेले ओले पाय, पावसात भिजून आलेली मुलं, पाण्यानं निथळणारी कळशी.

म्हणून माझी कसोटी दोन माणसांची आहे. एक, रात्री उठणारं माणूस. दुसरं, सकाळी ती उचलणारं माणूस. या दोघांना चालेल तीच पट्टी घ्यायची. रंग, नक्षी, किंमत यांचा विचार त्यानंतर.

सुरुवात मापापासून करा. दुकानात जाऊन अंदाजानं नको, आधी घरी. मुंबई-पुण्याच्या पुष्कळशा फ्लॅटमधले पॅसेज तीन ते साडेतीन फूट रुंद असतात. बाजारात तयार पट्ट्या बहुधा 2×6, 2.5×8 आणि 2.5×10 फुटांच्या मिळतात. दोन्ही बाजूंना किमान तीन-चार इंच फरशी मोकळी दिसली पाहिजे. भिंतीला भिडलेली पट्टी चुरगळते, आणि तिच्या कडेखाली केर साठतो तो कुंच्यानं निघत नाही. तीन फुटांच्या पॅसेजमध्ये अडीच फुटांची पट्टी जेमतेम बसते. तिथे चपलांचं कपाट असेल तर सरळ दोन फुटांची घ्या, आणि रुंदी कपाटाच्या पुढून मोजा, भिंतीपासून नव्हे. लांबीला दोन्ही टोकांना अर्धा ते एक फूट जागा सोडा. हे डोळ्यांसमोर येत नसेल तर खडूनं फरशीवर चौकट आखा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. घरातली माणसं त्या चौकटीच्या आत चालतात की एक पाय आत, एक बाहेर असं करतात, ते बघा. एक पाय कडेवर पडत असेल तर माप चुकलं आहे. कडेवर पडणारा पाय हाच पुढे घसरणारा पाय.

मग दारं. पॅसेजकडे उघडणारं प्रत्येक दार पूर्ण उघडून, बंद करून बघा: मुख्य दार, बाथरूमचं दार, कपाटाची दारं. दाराखाली किती फट आहे ते कळायला एक सोपा उपाय आहे. साधी लाकडी पेन्सिल साधारण सात मिलिमीटर जाड असते. ती दाराखालून सहज सरकली तर पातळ विणीची सतरंजी आणि तिच्याखालचं पातळ अस्तर, दोन्ही मिळून बहुतेक बसेल. पेन्सिल अडकली तर त्या दाराच्या वाटेत काहीही घालू नका. दार घासून घ्यायला सुताराला बोलावण्यापेक्षा पट्टी एक फूट आखूड घेणं बरं. उंबऱ्यावर तर पट्टी कधीच चढवू नये. बाथरूमच्या दाराशी ग्रॅनाइटची जी उंच पट्टी असते, तिच्यावर चढलेलं कापड म्हणजे ठेचेला आमंत्रण.

पॅसेजच्या मध्येच बाथरूमचं दार येत असेल, तर एक लांब पट्टी घालण्याचा मोह मी टाळीन. बाथरूमसमोरची जागा सोडून दोन आखूड पट्ट्या घाला आणि बाथरूमच्या तोंडाशी वेगळं, रोज वाळत टाकता येईल असं सुती पायपुसणं ठेवा. सलग पट्टी दिसायला छान दिसते हे खरं, पण तिचा मधला दोन फुटांचा तुकडा कायम दमट राहतो आणि सगळी पट्टी त्या तुकड्यापायी कुजते.

आता कशाची घ्यायची? इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण चुका इथेच होतात.

आपल्या हवेला, आपल्या रोजच्या पुसण्याला आणि अनवाणी पायांना मानवणारी वस्तू म्हणजे सुती सतरंजी. तिला लव नसते. उभा ताणा आणि त्याला पूर्ण झाकणारा आडवा बाणा, एवढीच रचना. त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, उलटून घालता येते, म्हणजे झिजायला दोन अंगं मिळतात. चांगली सतरंजी ‘पंजा’ विणीची असते. बाणा घट्ट बसवायला विणकर पंज्यासारखं दातेरी लोखंडी हत्यार वापरतात, त्यावरून हे नाव पडलं. अडीच बाय आठ फुटांची मध्यम जाडीची सतरंजी दोन-अडीच किलोंच्या आसपास भरते. हे वजन महत्त्वाचं आहे: काम करणाऱ्या मावशी एका हातानं गुंडाळू शकतील इतकी ती हलकी आहे, आणि आपल्या घरगुती वॉशिंग मशीनमध्ये मावेल इतकी लहान. दुकानात पट्टी आवडली की आधी ती एका हातानं उचलून बघा. उचलताना कंबर वाकडी होत असेल तर घरी ती कुणी उचलणार नाही, तिच्याभोवतीनं फडकं फिरेल आणि खाली ओल धरेल.

वजनाचं दुसरं टोक बघायचं तर इंग्लंडच्या विंडसर राजवाड्यातल्या वॉटर्लू चेंबरमध्ये आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला एक अखंड गालिचा आहे. त्याचं वजन दोन टनांच्या घरात आहे. 1992 सालच्या आगीत तो हलवायला सुमारे पन्नास सैनिक लागले.  त्या काळी तुरुंगांमध्ये सतरंज्याही मोठ्या प्रमाणावर विणल्या जात, आणि ‘जेल दरी’ हा शब्द व्यापारात अजून चालतो. राजवाड्याच्या दालनाला तसला गालिचा शोभतो, पण आपल्या पॅसेजला त्याच हातांनी विणलेली साधी दरीच हवी.

सतरंजी कुठली घ्यायची, तर आपल्या शेजारीच पर्याय आहेत. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या सतरंज्या बायका विणतात. मोर आणि सोंगट्यांच्या पटासारख्या भौमितिक आकृत्या ही त्यांची खूण. तेलंगणातल्या वरंगळच्या दऱ्या आहेत, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या आहेत. या तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. हातमागाचा माल म्हणून कुणी जास्त किंमत सांगत असेल तर ‘हँडलूम मार्क’ची पट्टी शिवलेली आहे का ते बघा, सरकारनं ही खूण 2006 साली सुरू केली. गाठी मारून विणलेला लोकरीचा गालिचा घ्यायचा असेल, तर तो बहुधा भदोही-मिर्झापूरच्या पट्ट्यातला असेल. तिथल्या गालिच्यांच्या मागांवर लहान मुलांना राबवलं जात असे. त्याविरुद्ध कैलास सत्यार्थी यांच्या पुढाकारानं 1994 साली ‘रगमार्क’ ही खूण निघाली. तिचंच नाव आता ‘गुडवीव्ह’ आहे. तिच्या प्रत्येक लेबलवर वेगळा क्रमांक असतो. आपण ज्यावर रोज पाय ठेवणार, ते कुणाच्या बोटांनी विणलं, हे विचारायला दुकानात संकोच वाटू देऊ नका.

लोकर वाईट नाही. लोकरीचा धागा दबून पुन्हा उभा राहतो, मळ वरच्यावर धरतो, थंडीत पायाला ऊब देतो. नाशिक, पुणे किंवा घाटावरच्या कोरड्या गावात, जिथे पॅसेज बाथरूमपासून लांब आहे, तिथे आखूड लवेची लोकरीची पट्टी वर्षानुवर्षं टिकते. पण लव एक सेंटिमीटरच्या आत असू द्या; तिच्याहून उंच लवेत पाय रुततो आणि काठी टेकत चालणाऱ्याची काठी अडते. लोकरीला कसर लागते. कसर अंधाऱ्या, न हललेल्या जागी वाढते, म्हणून पट्टी दर आठवड्याला उलटून झटकली पाहिजे. धनगरी घोंगडीही काही जण पॅसेजमध्ये घालतात. दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची ती वस्तू मला मनापासून आवडते, पण तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते. सतत ओल लागणाऱ्या जागी ती वापरू नये. ती अंगावर घ्यायला किंवा बसायलाच ठेवावी.

ताग सध्या फार चालतो. त्याचा मातकट रंग कुठल्याही फरशीवर उठून दिसतो, किंमतही आवाक्यात असते. पण तागाचं आणि पाण्याचं वैर आहे. नुसतं पाणी सांडलं तरी तपकिरी डाग उठतो आणि तो धुऊन जात नाही, उलट पसरतो. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने तागाची पट्टी गुंडाळून ठेवायची तयारी असेल तरच घ्या. काथ्या याच्या उलट आहे. नारळाची सोडणं महिनोन्महिने पाण्यात भिजवूनच त्याचा धागा काढतात, त्यामुळे ओलीला तो पुष्कळ दाद देत नाही. मात्र अनवाणी पायाला टोचतो. काथ्या दाराबाहेर ठेवा, आत नको.

सगळ्यात जपायचं ते ‘टफ्टेड’ गालिच्यापासून. कापडावर यंत्राच्या पिस्तुलासारख्या हत्यारानं धागे टोचतात, पाठीमागे लॅटेक्सचा चीक लावतात आणि वर आणखी एक कापड चिकटवतात. वरून तो गाठींच्या गालिच्यासारखाच दिसतो, आणि ‘हातानं केलेला’ हे सांगणंही खोटं नसतं. पण दमट हवेत त्या चिकाला वास येतो, काही वर्षांत तो वाळून भुगा होतो आणि फरशीवर पिवळट पूड पडत राहते. तो पाण्यात धुताही येत नाही. माझा तो गालिचा याच जातीचा निघाला. ओळखायला सोपं आहे: उलटून बघा. गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवर पुढचीच नक्षी गाठीगाठीनं स्वच्छ दिसते, आणि टोकाच्या दशा म्हणजे त्याचाच ताणा असतो. टफ्टेडच्या पाठीवर कोरं कापड असतं आणि दशा असल्याच तर वेगळ्या शिवलेल्या असतात.

पॉलिप्रॉपिलीनच्या यंत्रावर विणलेल्या पट्ट्या स्वस्त असतात, पाण्याला भीत नाहीत, लवकर वाळतात. भाड्याच्या घरात, लहान मुलं आणि कुत्री-मांजरी असलेल्या घरात मी त्या सुचवते, कमीपणा न मानता. ‘शुद्ध लोकर’ म्हणून कुणी असा माल गळ्यात मारत असेल तर दशीचा एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. सूत कागदासारखं जळतं. कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो.

सुती पट्टी घेताना आणखी एक परीक्षा करा. पांढरा रुमाल ओला करून तिच्या लाल, निळ्या, काळ्या भागावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर तो पुढे तुमच्या संगमरवरालाही लागणार आहे.

आता घसरण्याबद्दल. व्हिट्रिफाइड टाइल्सवर नुसती अंथरलेली सतरंजी बर्फावरच्या पाटासारखी सरकते. घोटलेल्या कोट्यावर आणि संगमरवरावरही तेच. खडबडीत शहाबादीवर ती थोडी तग धरते, पण भरवसा नको. त्यामुळे खाली जाळीदार रबराचं अस्तर हवंच, त्याला पर्याय नाही. हे अस्तर पट्टीपेक्षा चारी बाजूंनी इंचभर लहान कापा, म्हणजे बाहेर डोकावत नाही आणि कड खाली टेकते. शक्यतो खऱ्या रबराचं घ्या. स्वस्त पीव्हीसीचं अस्तर उन्हाळ्यात चिकट होऊन फरशीला धरतं आणि पॉलिशवर जाळीचा डाग सोडून जातं. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायचा सल्ला मिळेल. रोज उचलायच्या वस्तूला ती निरुपयोगी आहे, आणि संगमरवरावर तिचा चिकटा राहतो. अस्तराखाली धूळ साठली की त्याची पकड जाते, म्हणून महिन्यातून एकदा ते साध्या पाण्यानं धुऊन वाळवा. बोटात चुरडायला लागलं की बदला.

घालून झाल्यावर एकदा घरातल्या सगळ्यात धडधाकट माणसाला त्यावरून मोजे घालून भरभर चालायला सांगा. पट्टी बोटभर जरी हलली तरी अस्तर बदला. मग चारी कोपरे हातानं दाबून बघा. नवी पट्टी गुंडाळून आलेली असते, म्हणून कोपरे वर वळतात. ती दोन दिवस उलटी अंथरून कोपऱ्यांवर जाड पुस्तकं ठेवली की बसतात. त्यानंतरही जो कोपरा वळतो तो वळतच राहणार. अशी पट्टी परत करा.

घरात कुणी वॉकर वापरत असेल, पाय घासत चालत असेल, किंवा पक्षाघातानंतर एक पाय उचलत नसेल, तर पॅसेजमध्ये काहीही घालू नका. कितीही पातळ असलं, कितीही चिकटवलेलं असलं तरी नको. तिथे मोकळी, कोरडी फरशी आणि रात्रभर जळणारा एक छोटा दिवा, एवढंच पुरे. पाहुण्यांना तो पॅसेज ओकाबोका वाटला तर वाटू द्या.

रंगाबद्दल थोडक्यात. पॅसेज बहुधा अंधारा असतो, खिडकी नसते. फरशीच्याच रंगाची पट्टी घेतली तर तिची कड दिसत नाही, आणि न दिसणारी कड नजर कमी झालेल्या माणसाला घातक. फरशीहून स्पष्ट वेगळा, पण फार गडद नाही असा रंग घ्या: पांढरट फरशीवर गेरू, मोरपंखी, हळदीचा पिवळा, काळसर कडप्प्यावर फिका. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना काळा किंवा गडद निळा चौकोन जमिनीतल्या खड्ड्यासारखा भासू शकतो आणि ती पाऊल टाकायला घाबरतात. अशा घरात गडद पट्टी नको, आणि फार गिचमिड नक्षीही नको. लांबीला समांतर पट्टे पॅसेज आणखी लांब दाखवतात, आडवे पट्टे त्याला रुंदी देतात. आपल्या अरुंद पॅसेजना आडवे पट्टे चांगले.

धुण्याचं म्हणाल तर सुती सतरंजी थंड पाण्यात, एकटीच. ओली झाली की ती दुपटीहून जड होते; म्हणून दोरीवर टाकू नका, ताणून तिरकी होते. गच्चीच्या कठड्यावर पसरा. कठड्याला चुन्याचा किंवा शेवाळाचा डाग असेल तर आधी जुनी साडी टाका. पहिल्या धुण्यात ती थोडी आटते, हे माप घेतानाच लक्षात ठेवा. दर तीन महिन्यांनी तिचं तोंड फिरवा, दाराकडचं टोक आत घ्या, म्हणजे झीज वाटली जाते.

पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्याच्या कडक उन्हात लोकर आणि ताग दोन्ही दिवसभर वाळवून घ्या. घडी घालू नका, घडीवर धागा तुटतो. आत वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून वळकटी करा आणि जुन्या सुती साडीत बांधा. प्लॅस्टिकमध्ये अजिबात नको, आतली ओल आतच राहते आणि बुरशी येते. वळकटी पलंगाखाली जमिनीला टेकवून ठेवण्यापेक्षा कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. सुती पट्टी पावसाळ्यातही चालते, मात्र दोन हव्यात: एक घातलेली, एक वाळत असलेली. म्हणूनच एक महाग पट्टी घेण्यापेक्षा मी बेताच्या किमतीच्या दोन घेते.

आमच्या पॅसेजमध्ये आता नवलगुंदची दोन बाय सहाची सतरंजी आहे, गेरूच्या रंगाची, आणि बाथरूमच्या अलीकडे दीड फूट आधीच थांबणारी. तिच्याखाली रबराचं अस्तर आहे, भिंतीला रात्रीचा दिवा आहे. भाद्रपदात गौरी येतात त्या दिवशी आई ती स्वतः गुंडाळून ठेवते, कारण दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं उमटवायची असतात ती फरशीवर.